खोळीच्या आत

अम्मींची इद्दत येत्या आठवड्यात पूर्ण होईल. म्हणजे अब्बांना जाऊन चार महिने दहा दिवस होतील. या सदरात दर महिन्याला मी घरसंसारातल्या कुठल्या ना कुठल्या प्रश्नावर लिहितो. गेले तीन अंक मी दुसऱ्यांच्या घरांविषयी लिहिले. या वेळी स्वतःच्या घराविषयी लिहितो आहे. त्यात अब्बांची आठवण आहे आणि माझी एक कबुलीही आहे.

जनाजाची नमाज सुरू होण्यापूर्वी इमामसाहेबांनी मला पुढे बोलावले. काय बोलायचे ते मला ठाऊक होते. आपल्याकडे प्रत्येक जनाजापुढे कोणी ना कोणी ते बोलतोच. मीही बोललो, "माझ्या वडिलांकडे कोणाचे काही येणे असेल तर मला सांगावे, ते मी देईन. त्यांच्या हातून कोणाचे मन दुखावले असेल तर अल्लाहसाठी माफ करावे." मागच्या सफांमधून "माफ केले, माफ केले" असा आवाज आला आणि नमाज उभी राहिली. खरे सांगायचे तर मी ते रीत म्हणून बोललो होतो. आपण कशाची जबाबदारी घेतली, हे मला पुढच्या चार महिन्यांत कळले.

अब्बा पिंजारी होते. खामगावात आमचे घर आणि दुकान एकच. पुढच्या खोलीत दुकान, मागे आम्ही. खामगाव आणि कापूस यांचे नाते जुने आहे. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा जो छोटा फाटा टाकला गेला, तो मुख्यतः इथला कापूस बाहेर नेण्यासाठी. त्याच्या उद्‌घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. जिनवाले, अडते, दलाल, हमाल, गाठी बांधणारे अशा मोठ्या साखळीच्या अगदी शेवटी पिंजारी उभा असतो. चांगला कापूस गाठींत बांधून बाहेर जाई. घरोघरी जो उरे तो आमच्याकडे येई.

नव्या पिढीने पिंजण पाहिली नसेल, म्हणून थोडे सांगतो. पुरुषभर उंचीची लाकडी कमान, तिला ताणून बांधलेली जनावराच्या आतड्याची तात. कमान छताला दोरीने टांगलेली. अब्बा डाव्या हाताने ती कापसाच्या ढिगावर धरत आणि उजव्या हातातल्या लाकडी मुठियाने तातेवर ठोका देत. तात थरथरली की तिला लागलेला कापूस तंतू-तंतू मोकळा होऊन उडे, आणि धूळ, पाला, सरकीचे तुकडे खाली बसत. त्याचा आवाज टणत्कारासारखा, लयीत चालणारा. मी त्या आवाजात वाढलो. फजरची नमाज पढून अब्बा थोडा वेळ कुरआन शरीफ वाचत, मग चहा, मग पिंजण. अजान झाली की आवाज थांबे. गिऱ्हाईक समोर बसलेले असले तरी थांबे. "पाच मिनिटं बसा, हजेरी लावून येतो," असे म्हणून ते दाढीतला कापूस झटकत मशिदीकडे जात. गिऱ्हाईकही बसून राही.

आम्हाला कोणी पिंजारी म्हणते, कोणी नदाफ, कोणी मन्सुरी. नदाफ हा मुळात अरबी शब्द, अर्थ कापूस पिंजणारा. मन्सुरी हे नाव बगदादच्या मन्सूर हल्लाज यांच्यावरून आले, असे आमचे वडीलधारे सांगत. हल्लाज म्हणजेही पिंजारीच. मला मात्र शाळेत या कशाचाच उपयोग नव्हता. मुले माझ्या केसांतला कापूस दाखवून हसत. एकदा रडत घरी आलो तर अब्बांनी मुठिया खाली ठेवला आणि जवळ बसवून सांगितले की हजरत दाऊद (अलै.) लोखंडाची चिलखते बनवत आणि हाताच्या कमाईवर जगत, हजरत जकरिया (अलै.) सुतार होते. "नबींना हातकामाची लाज वाटली नाही बेटा, आपण कोण लागून गेलो?" एवढे बोलून त्यांनी पुन्हा कामाला सुरुवात केली. लांब उपदेश त्यांना जमत नसे.

त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. १९७२ च्या दुष्काळात ते पंधरा-सोळा वर्षांचे होते. शेतात कापूसच नव्हता, तर पिंजणार काय? दादाजानसोबत ते दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. त्या दिवसांविषयी ते फारसे बोलत नसत. फक्त ताटात भाकरीचा तुकडा उरलेला दिसला की आमच्याकडे नुसते बघत. तेवढे पुरत असे.

घरात आम्ही उर्दू बोलतो, पण अब्बांचा सगळा धंदा मराठीत, तोही वऱ्हाडी मराठीत. दिवाळीनंतर कापूस घरात आला आणि लग्नांचे दिवस जवळ आले की त्यांची सायकल गावोगाव फिरे. मागे पिंजण आडवी बांधलेली, पुढे पिशवीत दाभण, सुतळी, डबा आणि जानमाज. पिंपळगाव राजाकडे, कधी लाखनवाड्याकडे. कधी बसच्या टपावर पिंजण टाकून ते बोथ्याच्या जंगलातून घाटावर जात आणि तीन-चार दिवसांनी परत येत. ज्या वाड्यात काम असे तिथल्याच ओसरीवर त्यांची नमाज होई. अनेक घरांतल्या माउल्या त्यांच्यासाठी कोपरा झाडून ठेवत. एक शेतकरी मुलीच्या लग्नाची गादी सांगताना म्हणाला होता, "चाचा, गादी अशी करा का पोरीले सासरी मायची याद आली पाह्यजे." अब्बा हे वाक्य आम्हाला किती वेळा सांगत! म्हणत, "बघ, तो बाप मला कापूस नाही देत, मुलगी देतो."

आता धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण अब्बांची सगळी दीनदारी मला तिथेच दिसली.

शंभर किलो कापूस सरकीसकट जिनात घातला तर साधारण पस्तीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. दोघांच्या गादीला दहा-बारा किलो रुई लागते, एकट्याच्या गादीला सहा-सात, उशीला किलो-दीड किलो. लोक वजन करून रुई देतात. पण गादी भरून, खोळ शिवून, टाके मारून झाली की आत काय आहे ते कोण पाहणार? जुनी गादी पिंजायला आली तर तिच्यातून किलो-दीड किलो धूळ आणि कचरा निघतोच. त्या धुळीच्या नावावर चांगला कापूसही काढून घेता येतो. नव्या कापसात गिरणीचा टाकाऊ कापूस मिसळता येतो. कडेला नवा, मध्ये जुना भरता येतो. वर पट्ट्यापट्ट्यांचे नवे कोरे कापड घातले की गादी गादीच दिसते. फसवणूक कळायला दोन पावसाळे जावे लागतात. तोवर पिंजारी कुठे आणि गिऱ्हाईक कुठे!

अब्बा निघालेली धूळसुद्धा तोलत. कापूस इतका, धूळ इतकी, बेरीज इतकी, असा हिशेब गिऱ्हाइकासमोर मांडत. उरलेला चिमूटभर कापूस वेगळ्या पुरचुंडीत बांधून परत देत. "याची समईला वात होईल," म्हणत. दिवा कोणत्या देवापुढे लागणार हा प्रश्न त्यांच्या मनात येत नसे. कापूस ज्याचा, त्याचा.

मी सोळा-सतरा वर्षांचा असताना ते असरच्या नमाजीला गेले होते. एक गादी भरून द्यायची घाई होती आणि रुई थोडी कमी पडत होती. मी कोपऱ्यातल्या जुन्या कापसातला दोन-तीन किलो मध्ये घातला आणि खोळीला दोरा मारायला घेतला. अब्बा आले. त्यांनी गादीवरून फक्त तळहात फिरवला. मग माझ्या हातातून दाभण घेऊन सगळे टाके उसवले. मारले नाही, ओरडलेही नाहीत. सगळा कापूस जमिनीवर काढून मला म्हणाले, "यातला जुना वेगळा कर." पिंजलेला कापूस एकात एक मिसळला की वेगळा करता येत नाही, हे त्यांना माहीत होते आणि मलाही. मी मगरिबपर्यंत बसून होतो. शेवटी त्यांनी तो सगळा ढीग बाजूला सारला, स्वतःच्या पैशाने नवी रुई आणली आणि रात्री कंदिलात गादी पुन्हा भरली.

त्या रात्री त्यांनी मला एक हदीस सांगितली. रसूलुल्लाह (सल्ल.) बाजारातून जात असताना एका धान्याच्या ढिगात हात घातला, तर आत ओल लागली. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. तेव्हा हुजूरांनी विचारले की मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते. आणि जो फसवतो तो आपला नव्हे, असा इशारा दिला. "आपल्या धंद्यात बेटा, सगळा माल ढिगाच्या आतच असतो. वर नुसती खोळ. आतलं दोघांनाच माहीत, शिवणाऱ्याला आणि अल्लाहला." नंतर शिकत असताना मी इमाम अबू हनीफा (रह.) यांची हकिगत वाचली. ते कूफ्यात रेशमी कापडाचे व्यापारी होते. एका कापडात खोट होती, ती गिऱ्हाइकाला दाखवून मग विकायची असे त्यांनी भागीदाराला सांगितले. भागीदार विसरला. इमामसाहेबांनी त्या विक्रीची रक्कम सदका करून टाकली. मी ती हकिगत अब्बांना सांगितली तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, "म्हणजे मोठ्या लोकांनाही हाच त्रास होता."

पुढे विजेवर चालणारी पिंजण्याची यंत्रे आली. अब्बांनीही कर्ज न काढता, पैसे साठवून एक जुने यंत्र घेतले. त्यानंतर फोमच्या आणि काथ्याच्या गाद्या आल्या. गिऱ्हाईक कमी झाले. मी शिक्षक झालो, तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला राहू लागलो. आपा लग्न होऊन चिखलीला गेली. दुकान मात्र चालूच राहिले, कारण अब्बांना रिकामे बसणे येत नव्हते.

त्यांचा खोकला मी लहानपणापासून ऐकत आलो. नाकाला गमछा बांधून ते पिंजत, तरी रात्री थुंकीत कापसाचे तंतू येत. एक गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, पण तिचा अर्थ कोणाला कळला नव्हता. जुम्याला दुकान बंद असे आणि अब्बांना त्या दिवशी बरे वाटे. शनिवारी काम सुरू केले की छाती आवळल्यासारखी होई, दम लागे. रविवारी थोडे कमी. अम्मी म्हणत, "जुम्याला आराम केला की यांचं अंग बिघडतं." गेल्या वर्षी एका डॉक्टरांनी हे ऐकले आणि मान हलवली. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. रविवारची सुटी घेऊन सोमवारी कामावर येणाऱ्या गिरणी कामगारांची छाती अशीच आवळते, म्हणून त्याला सोमवारचा ताप असेही नाव आहे. आमच्या अब्बांचा सोमवार शनिवारी येत होता. चाळीस-पन्नास वर्षे आला आणि मी, शिकलेला मुलगा, गमछा बदलून देण्यापलीकडे काही केले नाही. सुरुवातीलाच धुळीपासून दूर झाले तर हा आजार आटोक्यात राहतो. उशीर झाला की फुप्फुसे पूर्ववत होत नाहीत. ज्यांच्या घरी कोणी पिंजणीवर, जिनात किंवा सूतगिरणीत असेल आणि सुटीनंतरच्या पहिल्याच दिवशी दम लागत असेल, त्यांनी कृपा करून छातीच्या डॉक्टरांना हीच गोष्ट सांगावी. अंग बिघडते असे समजून बसू नये.

अब्बा गेले ते ऐन हंगामात. तिसऱ्या दिवशी मी दुकानाची कडी काढली. आत पाच गाठोडी होती. पाच गिऱ्हाइकांचा कापूस, प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली: नाव, गाव, वजन, गादी एक किंवा दोन, आणि घेतलेली उचल. दोन ठिकाणी लग्नाची तारीखही होती. गल्ल्याखाली त्यांची वही होती. कुरआनातली सर्वांत मोठी आयत सूरह बकराची २८२ वी आहे, आणि ती नमाज-रोजाविषयी नसून उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. हे मी वर्गात मुलांना कौतुकाने सांगतो. चौथी शिकलेल्या अब्बांनी ते नुसते केले होते. वहीच्या पहिल्या पानावर अम्मींच्या मेहरचा हिशेब होता. लग्नानंतर हप्त्याहप्त्याने फेडलेला, शेवटी एकच शब्द, 'बेबाक'. पुढच्या पानांवर येणे आणि देणे. येणे बरेच होते. त्यातल्या काही नावांपुढे त्यांनी स्वतःच रेघ मारून 'माफ' लिहिले होते. देणे दोन ठिकाणचे, कापडवाल्याचे आणि सुतळीवाल्याचे.

एक बाई वहीत नव्हत्या. आठव्या दिवशी जवळच्या खेड्यातून आल्या. म्हणाल्या, "चाचांकडं उशांचे तीनशे रुपये देल्ले होते." मी वही चाळली, नाव नाही. मनात आले, जनाजातली घोषणा ऐकून कोणीही येईल. पडद्याआडून अम्मी म्हणाल्या, "दे. वही माणसाने लिहिली आहे. माणूस विसरतो." मी दिले. ते नाव वहीत अजून सापडलेले नाही.

गिऱ्हाइकांना कापूस आणि उचल परत करून मोकळे व्हावे, असे मला वाटत होते. माझी रजा संपत आली होती. आपा म्हणाली, "लग्न पंधरा दिवसांवर असलेला बाप आता कुठे जाईल?" मग आम्ही तिघे बसलो. मी वीस वर्षांनी यंत्र सुरू केले. अम्मी आतल्या खोलीत खोळी शिवत. आपा भरत होती, काठीने कापूस सारखा पसरवत होती, टाके मारत होती. तिच्या हाताकडे बघताना मला अब्बांचा हात दिसत होता. तेव्हा एक साधी गोष्ट ध्यानात आली. दुकानावर नाव अब्बांचे, पण लग्न होईपर्यंत आठ-दहा वर्षे इथल्या गाद्यांचे टाके आपाने मारलेले होते आणि जवळजवळ सगळ्या खोळी अम्मींनी शिवलेल्या होत्या. मी त्या काळात अभ्यास करत होतो. माझी फी त्या टाक्यांतून भरली जात होती.

आता कबुली.

तेव्हा माझ्या पिशवीत एक कागद होता. हक्कसोडपत्राचा मसुदा. दुकानाची जागा बाजारात आहे, तिला आता चांगली किंमत येते. फोमच्या गाद्यांच्या एका व्यापाऱ्याने विचारणाही केली होती. नातेवाइकांपैकी एकाने दफनानंतर आठवडाभरातच कानात सांगितले होते, "बहिणी सोडतातच, कागद लवकर करून घे." मीही आपाला विचारले होते. ती म्हणाली होती, "बाबू, मला काही नको. माझं माहेर तेवढं राहू दे." मी हे ऐकून समाधानी झालो होतो. तिने राजीखुशीने सोडले, माझ्यावर काय गुन्हा? तिचा नवरा रिक्षा चालवतो, रिक्षाचा हप्ता थकलेला आहे, हे मला ठाऊक होते. तरीही समाधानी झालो होतो.

पाचवी गादी पूर्ण झाली त्या संध्याकाळी आपा म्हणाली की अब्बांची गादीही उसवून पिंजून घेऊ, आजारपणात खराब झाली आहे, कोणाला तरी देता येईल. आम्ही ती उसवली. वरची खोळ अम्मींच्या हातची, स्वच्छ, ठिगळ लावलेली. आत कापूस जवळजवळ नव्हताच. गाठी झालेला जुना कचरा होता, यंत्राखालचा तुकडा-तुकडा होता, खोळींच्या कापडाच्या चिंध्या होत्या. जो माल त्यांनी आयुष्यात कोणाच्या गादीत घातला नाही, त्याच्यावर ते झोपत होते. दम लागत असताना झोपत होते. अम्मींनी सांगितले, "मी किती वेळा म्हटलं. म्हणायचे, गिऱ्हाइकाचं आधी होऊ दे."

आपा रडायला लागली. मी बाहेर गेलो. मला माझ्या पिशवीतला कागद आठवत होता. 'राजीखुशीने', 'कोणत्याही दबावाशिवाय' असे शब्द त्यावर छान टाइप केलेले होते. खोळ चांगली होती. आत काय भरले आहे ते मला माहीत होते आणि अल्लाहला.

दुसऱ्या दिवशी इमामसाहेबांकडे गेलो. त्यांनी एक हदीस आठवून दिली. कर्ज बाकी असलेल्या एका माणसाचा जनाजा आला तेव्हा रसूलुल्लाह (सल्ल.) यांनी स्वतः नमाज पढवली नाही, हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतले, तेव्हा पढवली. मग ते म्हणाले, "तुम्ही उधारी फेडलीत, गाद्या पोहोचवल्यात, अल्लाह कबूल करो. पण बहिणीचा हिस्सा हेही देणेच आहे. अब्बांचे नव्हे, तुमचे." मी म्हटले, ती सोडते आहे. ते म्हणाले, "जे हातात आलेच नाही ते ती सोडणार कसे? आधी तिच्या हातात द्या. मग तिने ठेवावे, विकावे, कोणाला द्यावे, तिची मर्जी."

हिशेब अवघड नाही. सूरह निसाच्या ११ व्या आणि १२ व्या आयतींत वारसांचे वाटे दिले आहेत आणि प्रत्येक वेळी बजावले आहे की आधी वसियत आणि कर्ज, मग वाटणी. आमच्या घरी वारस तीन: अम्मी, मी आणि आपा. दफनाचा खर्च आणि देणी गेल्यावर जे उरते त्याचे चोवीस भाग करायचे. पत्नीचा आठवा हिस्सा, म्हणजे अम्मींचे तीन भाग. उरलेल्या एकवीसमध्ये मुलाला दोन तर मुलीला एक, म्हणजे माझे चौदा आणि आपाचे सात. चोवीस पूर्ण. घराघरात वारस वेगळे असतात, तसे वाटेही बदलतात. जाणकार आलिमांकडून ते काढून घ्यावेत. पण कुठल्याही हिशेबात मुलीच्या वाट्याला शून्य येत नाही. ते शून्य आपण आपल्या हाताने लिहितो.

मी मसुदा फाडला. आपाला सांगितले तेव्हा ती घाबरली. तिला वाटले, मी रागावलो. माहेर तुटेल ही भीती आपण मुलींच्या मनात किती खोल घालून ठेवली आहे! अम्मींनी तिला जवळ घेऊन म्हटले, "माहेर तुझ्या सहीवर उभं आहे का, वेडे?" आता मिळकतीवर वारस म्हणून तिघांची नावे लावण्याचा अर्ज दिला आहे. जागा विकलेली नाही. पुढची खोली भाड्याने दिली आहे आणि भाड्याचे दर महिन्याला चोवीस भाग होतात. पहिल्या महिन्याचे सात भाग मी चिखलीला जाऊन आपाच्या हातात दिले. तिने त्याचे काय केले ते मी विचारले नाही. तो विचारण्याचा हक्क मला नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरातले कोणी गेले की आपण चाळिसाव्याला किती देगा उतरवायच्या याची चर्चा करतो. पाहुणे जेवून जातात. माझी विनंती एवढीच आहे की देगीच्या आधी वही उघडा. कोणाचे देणे आहे, कोणाचा माल घरात पडून आहे, पत्नीचा मेहर फिटला आहे का, बहिणीचा हिस्सा कुठे आहे, हे पाहा. ज्यांचे आई-वडील हयात आहेत त्यांनी आजच त्यांच्याजवळ बसून हे लिहून घ्यावे. आणि त्यांचा खोकला ऐकावा.

पिंजण अजून छताला टांगलेली आहे. भाडेकरूने विचारले की काढू का. आपाने सांगितले, राहू द्या. त्या पाच गाद्यांपैकी एक लग्नाची होती. ती पोहोचवायला मी गेलो, तर मुलीच्या वडिलांनी गादीवरून तळहात फिरवला आणि विचारले, "चाचांनीच भरली होती ना?" मी सांगितले, "कापूस त्यांनी तोलला होता. भरली माझ्या बहिणीने." ते म्हणाले, "मंग एकच झालं."

अल्लाह तआला अब्बांची मगफिरत करो, त्यांची कबर कुशादा करो, आणि त्यांनी आमच्या हाती दिलेला हिशेब शेवटपर्यंत नीट ठेवण्याची आम्हा बहीण-भावाला तौफिक देवो. आमीन.